समाधानकारक प्रगती

तो माझ्या आयुष्यात आला तो कोपराच्या बाजूने.

कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीसमोर रांग होती. बाहेर परतीचा पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता आणि माझ्या हातात चहाचा कप होता. पुढचा उंच मुलगा रजिस्टरवर सही करत होता, डाव्या हाताने. सही झाली, त्याने ऐटीत हात मागे घेतला, कोपर माझ्या कपाला लागलं आणि सगळा चहा माझ्या पांढऱ्या ॲप्रनवर सांडला.

"सॉरी मॅडम," तो वळून म्हणाला. "डावरा हाय मी. मागं कोन हाय ते दिसत न्हाई."

"डोळे तर हायत ना तुमाला?"

"हायत की. पण ते पुढं हायत."

रांगेतले दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात खिडकीपलीकडून धम्मानंद सरांनी माझं नाव घेतलं. शिष्यवृत्तीचं सगळं काम त्यांच्याकडे. माणूस सज्जन, वाईट बातमी सांगायची असली की आधी चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला.

"रुद्राणी, लेखीत तू वर्गात पहिली. पण पशुप्रजननाचं प्रॅक्टिकल गेलंय तुझं. वरच्या वर्गात तात्पुरतं बसवलंय तुला. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा हाय. सुटलं तर शिष्यवृत्ती चालू राहील. न्हाई सुटलं तर खालच्या वर्गात, आन् शिष्यवृत्ती बंद." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं : शैक्षणिक प्रगती समाधानकारक नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. आम्ही जनावरांचे डॉक्टर व्हायला शिकतो. हाडांची नावं, औषधांची नावं, जंतूंची नावं, सगळं मी रात्रीचा दिवस करून पाठ केलेलं. आणि कोणाचं तरी समाधान झालं नव्हतं. सोनपेठला अप्पांचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. शिष्यवृत्ती आहे तोवर शीक, नंतर आपलं झेपायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे हे प्रॅक्टिकल नाही सुटलं तर मी गल्ल्यावर बसून बायकांच्या मनगटाची मापं घेणार, हे ठरलेलं.

"माजीबी मागच्या साली आशीच व्हती, असमाधानकारक," बाजूने आवाज आला. कोपरवाला अजून तिथेच होता. "फिकीर करू नका. मानूस मरत न्हाई त्यानं."

"तुमाला कोणी विचारलं?"

"कोनीच न्हाई," तो आनंदाने म्हणाला.

धम्मानंद सरांनी चष्मा परत चढवला आणि त्याच्याकडे बोट केलं. "हा मुंजाजी, येलदरीचा. जनावराच्या कामात ह्याच्यासारखा हात कॉलेजात न्हाई. पण मेडिसिनच्या तासाला हजेरी कमी पडली, पंचाहत्तर टक्क्याच्या खाली गेली, आन् वरीस गेलं. शिष्यवृत्तीबी गेली. आता यंदा त्याच वर्गात पुन्हा, तुझ्यासंगं. मुंजाजी, काठावर हायस तू. इथून पुढं मेडिसिनचा एक तास जरी बुडवलास तर माझ्याकडं येऊ नको."

"न्हाई बुडवत सर," मुंजाजी म्हणाला, आणि मला म्हणाला, "ॲप्रन मिठाच्या पान्यात भिजवा. डाग निघतो."

डाग निघाला नाही. संध्याकाळी माझी खोलीतली मैत्रीण बबिता पोट धरधरून हसली. "मुंजाजी? अगं, मुंजा पिंपळावर राहतो. पिंपळाखालून जपून जात जा आता." मी तिला उशी फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख राजेश्वर सरांनी मला बोलावलं. फेरपरीक्षेपर्यंत रोज सकाळी कॉलेजच्या गोठ्यात सराव करायचा, म्हणाले. शिकवायला एक सीनियर मुलगा देतो, त्याला या प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात जास्त मार्क होते. तो कोण, हे मला त्यांनी सांगायच्या आधीच कळलं. माझं नशीबच तसलं आहे.

* * *

आता परीक्षेत काय असतं ते सांगते, नाक मुरडू नका. गाय लोखंडी खोड्यात उभी असते. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा घालायचा, एक हात शेणाच्या वाटेने आत घालायचा आणि आतल्या पडद्यातून गर्भाशयाचं तोंड चाचपून धरायचं. दुसऱ्या हातात लांब, बारीक गन असते, कृत्रिम रेतनाची. ती खालच्या वाटेने आत नेऊन त्या तोंडातून बरोबर पार करायची. दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी बघायचं. डावा हात आत, उजव्या हातात गन. सगळा वर्ग असंच करतो, पुस्तकातल्या चित्रातही असंच आहे.

मी डावा हात वापरत नाही. परीक्षेतही वापरला नाही. मी तो ॲप्रनच्या खिशात घातला आणि दोन हातांचं काम एका उजव्या हाताने करायला गेले. उजवा आत घालायचा, तोंड सापडलं की बाहेर काढायचा, मोजा काढायचा, गन धरायची... तोवर सापडलेलं सगळं गायब. परीक्षकांनी विचारलं, "दुसरा हात मोडलाय का?" मी हात खिशातून काढला नाही. मग त्यांनी नापास केलं, आणि वर्गाने ठरवून टाकलं की रुद्राणीला शेणाची किळस येते.

मुंजाजीनेही तेच ठरवलं.

"डाव्या हातात मोजा घाला," पहिल्या सकाळी तो म्हणाला. मी उजव्यात घातला.

"डाव्या."

"उजव्याच."

"कामून?"

"असंच."

"गाईला तुमचं 'असंच' कळत न्हाई, मॅडम."

गाईचं नाव चंद्री. तांबडी, शांत, कॉलेजच्या कित्येक पिढ्या सहन केलेली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्याही नजरेत तोच प्रश्न आहे असं मला वाटलं.

"आधी तिला सांगा कोन हाव ते," तो म्हणाला.

"गाईला?"

"मंग? अनोळखी मानसानं न सांगता हात लावला तर तुमाला चालंल का?"

मी चंद्रीच्या कानाशी गेले आणि हळूच म्हटलं, "मी रुद्राणी. सोनपेठची."

"आन् लेखीत पहिली," तो मागून गंभीरपणे म्हणाला. "ते राह्यलं."

मी इतकी चिडले की त्या दिवशी काहीच जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने थेट विचारलं, "घाण वाटायली का? वाटली तर सांगा, लाजू नका. आमच्या येलदरीला धरनावर पावने येत्यात. मासळीचा वास आला की नाकाला रुमाल लावत्यात. खात्यात मातर पोटभर."

"मला घाण वाटत न्हाई."

"मंग डावा हात खिशात काय राखायलाय?"

मी मोजा काढला, बादलीत टाकला आणि निघून आले. पण शिष्यवृत्ती काय रुसून मिळते का? चौथ्या सकाळी पुन्हा गोठ्यात हजर.

त्याच्याविषयी एक गोष्ट मान्य करायला हवी होती आणि तीच मला सगळ्यात जास्त खुपत होती. त्याचा हात खरंच वेगळा होता. एका गाईला एका सकाळी दोनदाच हात लावायचा, तिसऱ्यांदा नाही, असा त्याने स्वतःच नियम घातला होता. ती पाठ आखडायला लागली की तो थांबायचा आणि तिच्या कमरेवर हलके थापटत काहीतरी पुटपुटायचा. कॉलेजचे नियम मोडणारा माणूस गाईचे नियम मात्र पाळत होता.

"एवढं येतंय तर तास कशाला बुडवले?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"गावाकडून फोन यायचे. म्हैस अडली, गाय उठंना. जायचो. मनलं, शिकायलोच हाव ना? मंग वर्गात काय आन् गोठ्यात काय."

"नियम म्हाईत नव्हता?"

"म्हाईत व्हता. मला वाटलं, नियमालाबी थोडी अक्कल आसंल."

खरं सांगायचं तर मला तो म्हणाला ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला.

* * *

मग एका सकाळी पाऊस आला. गोठ्यावर पत्रे, त्यामुळे बोललेलं ऐकू येईना. तो जवळ सरकून उभा राहिला. त्याच्या शर्टाला कडब्याचा आणि साबणाचा वास येत होता. चंद्री निवांत रवंथ करत होती.

"रुद्राणी," तो म्हणाला. मॅडम नाही, रुद्राणी. "मी लय बेजार झालोय बगा. तुमाला भीती न्हाई, घान वाटत न्हाई, डोकं तर तुमचं पाच मानसाचं हाय. मंग हात खिशात कामून? मला सांगितलं न्हाई तर मी शिकवू कसं?"

पावसाच्या आवाजामुळे असेल, किंवा त्याने पहिल्यांदाच चेष्टा न करता विचारलं म्हणून असेल, मी सांगून टाकलं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. आठ वर्षांची असताना माझी दीक्षा झाली. स्वामींनी माझ्या डाव्या हातावर लिंग ठेवलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की देवाचा हा हात, याने कोणतंही घाणीचं काम करायचं नाही. असं कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नाही. आमची आई त्याच हाताने गोठा काढते आणि त्याच हातावर पूजा करते. नियम माझा एकटीचा.

"पण हॉस्टेलात सगळं दुसऱ्याच्या घंटेवर चालतं," मी म्हटलं. "उठायचं, जेवायचं, हजेरी द्यायची. सकाळची ती थोडी येळ निस्ती माझी असते. तेवढं मोडावं वाटत न्हाई मला."

मी वर बघितलं.

"हसायलाव का?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि खरंच हसत नव्हता. थोड्या वेळाने त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"विचारू नका," मी म्हटलं. "त्या कामालाबी उजवाच. साबण आसतो."

मग मात्र तो हसला. खोड्याचा दांडा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि मलाही आवरेना. चंद्रीने त्रासून शेपटी आपटली.

हसू ओसरल्यावर त्याने आपला डावा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. तळव्यावर दाव्याने कापल्याची जुनी खूण होती.

"दुसरीत आसताना आईनं ह्यो हात पदरानं पाठीला बांधला व्हता माझा," तो म्हणाला. "सवय मोडावी मनून. पंगतीत मला कोनी वाढू देत न्हाई. भावाच्या लग्नात अक्षदा कोनत्या हातानं टाकतो, ते बगायला मावशी मागं हुबी. दुकानात पैशे दिले तर मानूस मनतो, नीट हातानं दे... आन् तुमच्यात याच्यावर देव बसवत्यात?"

"व्हय."

"खरंच?"

"उजव्यावर न्हाई बसवत. डाव्यावरच."

त्याने हात उलटा केला, सुलटा केला. एवढा उंच मुलगा, एखाद्या लहान पोराला बक्षीस मिळावं तसा त्याचा चेहरा झाला. मला त्या क्षणी तो इतका आवडला की मला माझाच राग आला, कारण हे सगळं परीक्षेच्या तोंडावर परवडण्यासारखं नव्हतं.

पण तो मुंजाजी. चांगला क्षण जास्त वेळ टिकू देईल तर शपथ.

"आन् एवढी हुशार पोरगी," तो म्हणाला. "मी कोनता हात आत घालतो, ते बगितलं न्हाई का कव्हा?"

मी आठवायचा प्रयत्न केला. तो डावरा. म्हणजे गन त्याच्या डाव्या हातात, आणि आत... उजवा. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांदेखत उलट्या हातांनी काम करत होता आणि मी पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे धरून बसले होते. लेखीत पहिली.

"उजवा आत घाला, तुमची इच्छा हाय तसं," तो म्हणाला. "डाव्यात निस्ती गन धरायची. साफ आसती ती, नळी दर येळी नवी. आन् त्यानं वासरू येतं जन्माला. देवाला काय वंगाळ वाटंल त्याच्यात?"

"देवाला न्हाई वाटणार. पण मला विचारावं लागंल."

"कोनाला?"

"मला."

दुसऱ्या सकाळी इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि विचारलं. उत्तर आलं. वासरू जन्माला घालणाऱ्या कामाला घाण म्हणणारी मी कोण? आठ वर्षांच्या रुद्राणीने मान डोलावली. मी तयार होऊन गोठ्यात गेले आणि गन डाव्या हातात घेतली.

* * *

आणि ती माझ्या डाव्या हातात अशी थरथरली की मुंजाजी दोन पावलं मागे सरकला.

माझा डावा हात म्हणजे लाडावलेलं लेकरू. जन्मात कधी काम केलेलं नाही. मग मुंजाजीने हुकूम सोडायला सुरुवात केली. चहा डाव्या हाताने ढवळायचा. बटणं डाव्या हाताने लावायची. वहीत रोज एक पान डाव्या हाताने लिहायचं. मी लिहिलेलं पहिलं पान बघून तो म्हणाला, "पहिलीत माझं आक्षर उजव्या हातानं आसंच यायचं. मास्तर मारायचे. तुमाला मारू का?"

"मारून बगा."

"नगं. उजव्या हातात तुमच्या लय ताकद हाय, बादली फेकली त्या दिवशीच कळलं."

"बादली न्हाई, मोजा फेकला होता."

"बादलीच्या जोरानं फेकला व्हता."

बबिता जेवताना मला डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलताना बघायची आणि कपाळाला हात लावायची. "भुतानं पार झपाटलं गं हिला," म्हणायची. तिचं काही खोटं नव्हतं, सकाळी गोठ्याकडे जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडत होती. आणि तरी रोज भांडण. तो म्हणायचा घाई करू नका, मी म्हणायचे परीक्षा जवळ आलीय. तो म्हणायचा गाईला परीक्षा न्हाई, मी म्हणायचे मला हाय. तो शांतपणे म्हणायचा, "मंग तिच्यावर कामून राग?"

एका सकाळी मी रडकुंडीला आले. आतल्या हाताला तोंड सापडलं होतं, पण गन काही केल्या पार जाईना. तो मागून आला आणि माझ्या डाव्या हाताखाली आपला डावा हात धरला. धरला म्हणजे फक्त आधाराला ठेवला.

"ढकलू नका," तो हळू म्हणाला. "वाट बगा... ती आपसूक सोडती... आता. थोडं वर."

मी श्वास रोखला. बोटांना काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं आणि गन सरळ, अलगद पुढे गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आलं," मी म्हटलं.

"आलं ना?"

"आलं."

दोघांचेही हात तिथेच राहिले. मला त्याचा श्वास कानामागे जाणवत होता. आता काहीतरी बोलायला हवं, असं मला वाटलं, त्यालाही वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "रुद्राणी, मी काय मनत व्हतो..." आणि चंद्रीने ओली शेपटी फिरवली, ती थेट त्याच्या तोंडावर.

काय म्हणत होता, ते त्याने नंतर काही केल्या सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. "विसरलो," म्हणाला. अशा माणसाचं करायचं काय?

* * *

फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी नऊला माझा नंबर. नऊलाच आमच्या वर्गाचा मेडिसिनचा तास. मला परीक्षेची सूट होती, पण मुंजाजी त्यातच काठावर होता. आदल्या दिवशी मी त्याला बजावलं होतं, तास बुडवायचा न्हाई. "न्हाई बुडवत," तो म्हणाला होता, अगदी धम्मानंद सरांना म्हणाला होता तसंच.

गोठ्यात राजेश्वर सर होते, बाहेरून आलेले परीक्षक होते, आणि चंद्री. मी तिला नाव सांगितलं. उजव्या हातात मोजा चढवला. डाव्या हातात गन घेतली. आणि सहज दाराकडे बघितलं तर खांबाआड मुंजाजी. पाठीवर दप्तर, केस विंचरलेले, नऊ वाजायला आलेले, आणि हा इथे उभा.

माझं डोकं सणकलं. मी गन ट्रेमध्ये ठेवली.

"सर, दोन मिनिटं," मी परीक्षकांना म्हटलं आणि खांद्यापर्यंत मोजा घातलेली तशीच बाहेर गेले.

"तू इथं काय करायलास?" पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं. माझ्या लक्षातही आलं नाही.

"चंद्री बिचकली तर... मनलं जवळ ऱ्हावं. तुझं सुटू दे आधी. माझा एक तास गेला तर काय—"

"एक तास गेला तर काय? वरीस गेलं तुझं, एक-एक तास करून. तरी अक्कल न्हाई. नियमाला अक्कल न्हाई म्हणतोस, तुला तरी हाय का?"

"हळू बोल, सर बगायलेत."

"बगू देत. मुंजाजी, माझं आज सुटलं आन् तू पुन्हा अडकलास तर मी काय करू? पुढं एकटी जाऊ का? कोणाशी भांडू रोज? मला तू पाहिजेस वर्गात. समजलं का? मला तू पाहिजेस. जा आता. पळ."

तो माझ्याकडे बघत राहिला, तोंड अर्धवट उघडं. मग वळला आणि दप्तर पाठीवर उडवत, चिखलातून, लांब ढांगा टाकत पळाला. आपण काय बोललो ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण विचार करायला वेळ नव्हता, मागे गाय उभी होती.

मी आत आले. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "डावरी का तुम्ही?"

"न्हाई सर."

"मग उलटे हात?"

"मला असं शिकवलंय सर. पुस्तकात दुसऱ्या हातानं हाय, ते म्हाईत हाय मला. पण गाईला फरक पडत न्हाई. बघा तुम्ही."

असं मी आजवर कोणत्याही परीक्षकाला बोलले नव्हते. राजेश्वर सरांनी खोकल्यासारखं केलं. मी उजवा हात आत नेला, पाठ ढिली पडायची वाट बघितली, तोंड सापडलं, धरलं. डाव्या हातातली गन जरासुद्धा थरथरली नाही. घाई केली नाही, ढकललं नाही. ती आपसूक पार गेली.

परीक्षकांनी स्वतः हात घालून तपासलं आणि सरांकडे बघून मान हलवली.

"सुटलं गं," राजेश्वर सर म्हणाले. "जा, धम्मानंद सरांना सांगून ये, सकाळपासून दोनदा विचारून गेलेत ते."

मी धम्मानंद सरांकडे गेले नाही. अप्पांना फोनही केला नाही. हात धुतले आणि थेट मेडिसिनच्या वर्गासमोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तास संपला, मुलं बाहेर पडली आणि सगळ्यांत शेवटी तो आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"हजेरी?" मी विचारलं.

"लागली. सर दार लावायलेच व्हते." तो माझ्यासमोर उभा राहिला. "तुझं?"

"सुटलं."

त्याने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग म्हणाला, "चंद्रीनं तरास दिला का?"

"न्हाई."

"शेपटी बांधली व्हती ना?"

"व्हय."

"आन् गन... थरथरली न्हाई ना?"

मी वाट बघत होते. सकाळी एवढ्या माणसांसमोर मी जे बोलले, त्यावर हा माणूस आता काहीतरी बोलेल, मग बोलेल. त्याने चंद्रीच्या खुराकाची चौकशी केली. परीक्षक कुठून आले होते ते विचारलं. पाऊस पुन्हा येईल का, असं म्हणून त्याने आभाळाकडे बघितलं. माझा संयम संपला.

"मुंजाजी, मला तू आवडतोस," मी म्हटलं. "चंद्री ठीक हाय, पाऊस येणार न्हाई आन् मला तू आवडतोस. आता बोल काय बोलायचं ते."

तो पायरीवर मटकन बसला, माझ्यापासून हातभर अंतर सोडून. चिखलाचा एक बूट दुसऱ्यावर घासू लागला.

"गाय रोज धुतलेली आसायची," तो शेवटी म्हणाला. "कोन धुवायचं वाटलं तुला?"

मी कधी विचारच केला नव्हता. कॉलेजची गाय, धुतलेली असणारच. "गोठ्यावरची माणसं."

"ती उशिरा येत्यात. मी धुवायचो, पहाटं. तुला घान वाटती आसं वाटलं मला. मनलं, वास तरी येऊ नये."

"पण मला घाण वाटत न्हाई, हे तर मी सांगितलं होतं. त्या पावसात."

"व्हय. त्याच्यानंतरबी धुवायलो." त्याचे कान लाल झाले होते. "सवय लागली व्हती... तू यायच्या आधी तुझ्यासाठी काईतरी करायची."

मला असा राग आला की त्याच्या दंडावर एक चापट मारावी. ती मी मारली.

"एवढं पहाटं उठून गाय धुतलीस, आन् दोन शब्द बोलायला काय झालं होतं तुला?"

"गाय धुनं सोपं हाय," तो म्हणाला. मग मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "मलाबी तू आवडतेस, रुद्राणी. लय. पहिल्या दिवशी गाईला नाव सांगितलंस ना, तव्हापासून."

मी ते हातभर अंतर ओलांडून त्याच्या शेजारी सरकले. समोरून जाणारी बबिता थबकली, आमच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून पुढे निघून गेली. आम्ही तसेच बसून राहिलो, एकमेकांना खेटून, त्याच्या बुटांवरचा चिखल वाळेपर्यंत.

मग पुढच्या तासाची घंटा झाली. तो उठेना, मीही उठेना. एक तास बुडला तर काय, हेच दोघांच्याही मनात होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, आणि दोघंही एकदम उठून वर्गाकडे पळालो.